कायदा कुणाचा, अर्थ लावणार कोण?

१२ मार्च १९४९ रोजी कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीने उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी मांडलेल्या या ठरावाच्या सुरुवातीलाच म्हटले होते की, अखिल विश्वाचे सार्वभौमत्व अल्लाहचे आहे आणि त्याने आखून दिलेल्या मर्यादेतला अधिकार जनतेकडे ठेव म्हणून आलेला आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रकुमार दत्त यांनी या शब्दरचनेला कसून विरोध केला. बिगरमुस्लिम सभासदांच्या सगळ्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला दिल्लीच्या घटना समितीत ह. वि. कामत यांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. तिच्या बाजूने ४१ मते पडली, विरोधात ६८.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की वाद फार सोपा दिसतो. एकीकडे सत्ता देवाची, दुसरीकडे लोकांची. इस्लाम आणि पाश्चात्त्य लोकशाही यांच्या तुलनेवर जे लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे याच एका फरकावर उभे आहे. मला ही मांडणी अपुरी वाटते. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेचा सरनामा सर्व अधिकार पवित्र त्रयीकडून येतो, असे सांगतो. तरीही तिथल्या मतदारांनी १९९५ मध्ये सार्वमताने घटस्फोटावरची बंदी उठवली आणि २०१८ मध्ये गर्भपाताच्या कायद्याचा मार्ग मोकळा केला. दोन्ही वेळा कॅथलिक चर्च विरोधात होते. सरनामा आजही जसाच्या तसा आहे. तेव्हा घटनेत देवाचे नाव आहे की नाही, यापेक्षा त्या नावाने बोलण्याचा अधिकार कुणाकडे आहे आणि लोक त्याला जाब विचारू शकतात का, हे पाहायला हवे. या कसोटीवर दोन्ही परंपरांचा इतिहास वाचला, तर नेहमीपेक्षा वेगळे चित्र दिसते.

सुरुवात मदिनेपासून करावी लागते. इ. स. ६३२ मध्ये प्रेषित महंमद यांचे निधन झाले, तेव्हा वारस कोण आणि तो कसा निवडायचा, याची ठरलेली रीत नव्हती. बनू साइदा कुळाच्या मांडवात मदिनेचे रहिवासी आणि मक्केहून आलेले यांच्यात वाद झाला आणि अबू बक्र यांच्या हाती निष्ठेची शपथ, म्हणजे बैअत, दिली गेली. अबू बक्र यांनी उमर यांचे नाव स्वतः सुचवले. उमर यांनी मरताना सहा जणांची समिती नेमली आणि तिने उस्मान यांना निवडले. उस्मान यांचा खून झाल्यावर अली खलिफा झाले, ते यादवीच्या तोंडावर. तीस वर्षांच्या आत चार वेगवेगळ्या पद्धती झाल्या. पुढे मुआविया यांनी आपला मुलगा यझीद याला वारस नेमले आणि खिलाफत घराणेशाहीत गेली.

कुराणात सल्लामसलतीचा, म्हणजे शूराचा, उल्लेख दोन ठिकाणी येतो. आधुनिक मुस्लिम विचारवंत तिथूनच लोकशाहीचा धागा काढतात. धागा खरा आहे, पण तो पुरत नाही. सल्ला कुणाचा घ्यायचा, तो राज्यकर्त्यावर बंधनकारक आहे का, त्याने तो धुडकावला तर काय करायचे, याची यंत्रणा अभिजात काळात उभी राहिली नाही. अकराव्या शतकात अल-मावर्दी यांनी बगदादेत राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा खलिफा लष्करी सरदारांच्या मुठीत होता. तलवारीने प्रांत बळकावणाऱ्या अमिराला मान्यता कशी द्यायची, याचीही तरतूद त्यांना करावी लागली. यादवीच्या भीतीने सुन्नी शास्त्रकार जुलमी राजा पत्करत गेले.

म्हणून तिथे राजसत्तेला लगामच नव्हता, असे मात्र नाही. या विषयावरच्या अलीकडच्या लेखनात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो नोआ फेल्डमन या अमेरिकी कायदेपंडिताचा मुद्दा. कायदा सुलतान करत नसे. तो उलेमांच्या ग्रंथांत, मदरशांत, मुफ्तींच्या फतव्यांत घडत असे. सुलतान बदलला तरी वारसाहक्काचा किंवा कराराचा नियम बदलत नसे. हा लगाम सैल होता आणि अनेकदा तुटला, पण तो होता. एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याने युरोपच्या धर्तीवर कायद्यांची संहिता केली. त्यामुळे कायदा उलेमांच्या हातून निघून सरकारी खात्यात आला. त्याच्या जोडीला संसद उभी राहिली असती, तर एक लगाम जाऊन दुसरा आला असता. १८७६ मध्ये राज्यघटना आली आणि संसद बसलीही. पण १८७८ मध्ये सुलतान अब्दुल हमीद याने ती बंद केली आणि पुढची तीस वर्षे उघडली नाही. जुना अंकुश गेला, नवा लागला नाही. अरब देशांतल्या हुकूमशाह्यांचे मूळ धर्मात शोधणाऱ्यांनी हा टप्पा नीट अभ्यासायला हवा. युरोपातून कायद्याची संहिता, खडे सैन्य आणि पोलीस आले, मतपेटी मात्र मागे राहिली. जिथे वसाहतवाल्यांचे राज्य आले, तिथे तर ती जाणूनबुजून मागे ठेवली गेली.

त्या काळातले सुधारक मात्र डोळसपणे पाहत होते. ट्युनिसमध्ये १८६१ मध्येच राज्यघटना आली होती, मुस्लिम जगातली ती पहिली मानली जाते. तिथल्याच खैरुद्दीन पाशांनी १८६७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात युरोपच्या भरभराटीचे श्रेय त्याच्या धर्माला न देता न्याय आणि स्वातंत्र्य टिकवणाऱ्या संस्थांना दिले आणि अशा संस्था स्वीकारण्यास शरियतेची आडकाठी नाही, असा युक्तिवाद केला. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त केली आणि पुढच्याच वर्षी इजिप्तमधल्या अली अब्दुर्राझिक या काझींनी आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रेषितांचे कार्य आध्यात्मिक होते, खिलाफत ही धर्माची गरजच नाही, असे त्यांनी लिहिले. अल-अझहर विद्यापीठाच्या उलेमांनी त्यांना आपल्यातून काढून टाकले आणि त्यांचे पद गेले. भारतात इक्बाल यांनी वेगळा रस्ता सुचवला. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी म्हटले की, धर्माचा नव्याने अर्थ लावण्याचा, म्हणजे इज्तिहादचा, अधिकार एकेकट्या पंडितांकडून मुस्लिम विधिमंडळाकडे जायला हवा. कायद्याचा अर्थ कोण लावणार, या प्रश्नाचे हे थेट उत्तर होते. त्यांना आपला राष्ट्रकवी मानणाऱ्या देशाने ते अर्धेच उचलले.

हा प्रश्न किती खोल आहे, हे इराणमध्ये दिसते. १९०६ च्या घटनात्मक क्रांतीत दोन मोठे मुज्तहिद, म्हणजे धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकार असलेले पंडित, समोरासमोर उभे होते. शेख फझलुल्ला नूरी यांच्या आग्रहातून घटनेच्या पुरवणीत कलम आले की, किमान पाच धर्मपंडितांनी प्रत्येक कायदा तपासावा. नूरी पुढे संसदेच्याच विरोधात गेले आणि १९०९ मध्ये घटनावाद्यांनी त्यांना फाशी दिली. त्याच वर्षी इराकमधल्या नजफ शहरातल्या मिर्झा नाईनी यांनी संसदेच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. शिया श्रद्धेनुसार बारावा इमाम दृष्टिआड आहे, आणि तो तसा असताना कोणतीही सत्ता पूर्ण वैध असूच शकत नाही, मग निदान ती घटनेने बांधलेली आणि लोकांच्या नजरेखाली असलेली बरी, असे त्यांचे म्हणणे. देव सार्वभौम आहे हे दोघांनाही मान्य होते. एकाने त्यातून पंडितांचा नकाराधिकार काढला, दुसऱ्याने कुणाही माणसाच्या अनिर्बंध सत्तेला नकार काढला.

१९७९ नंतर नूरींचा वारसा जिंकला. क्रांतीनंतरच्या घटनेच्या पहिल्या मसुद्यात धर्मपंडिताच्या सर्वोच्च पदाची तरतूद नव्हती, ती नंतरच्या तज्ज्ञांच्या सभेत घातली गेली. बारा सभासदांचे पालक मंडळ तेव्हापासून प्रत्येक कायदा आणि प्रत्येक उमेदवार चाळून घेते. २०२१ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी ५९२ जणांनी अर्ज भरले, मंडळाने सात ठेवले. निम्म्याहून अधिक मतदार घरी राहिले. त्याहून बोलका प्रसंग जानेवारी १९८८ चा आहे. क्रांतीचे नेते खोमेनी यांनी पत्र लिहून सांगितले की, इस्लामी राज्याचा अधिकार नमाज, रोजे, हज यांसारख्या कर्तव्यांच्याही वर आहे. राज्याची गरज पडली, तर शरियतेचा आदेश बाजूला ठेवता येतो. ज्या राज्याने कायद्याच्या नावाने सत्ता घेतली, त्याने कायद्याच्या वर माणूस बसवला. हे धर्माचे राज्य आहे की राज्याने गिळलेला धर्म, हा प्रश्न खुद्द इराणी धर्मपंडितांनी विचारला. धर्मपंडिताच्या सर्वोच्च पदाचा सिद्धान्त मांडण्यात पुढे असलेले आयातुल्ला मोंतझेरी हेच पुढे त्याचे टीकाकार झाले आणि १९८९ मध्ये खोमेनींच्या वारसपदावरून दूर झाले.

नाईनींचे नजफ मात्र गप्प बसले नाही. २००३ मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये असताना तिथली घटना नेमलेल्या लोकांकडून लिहून घेण्याचा बेत होता. जूनमध्ये आयातुल्ला सीस्तानी यांनी फतवा काढला की, घटना लिहिणारी सभा इराकी मतदारांनीच निवडली पाहिजे. सार्वत्रिक मतदान टाळून प्रादेशिक बैठकांतून प्रतिनिधी निवडण्याची योजना आली, तेव्हा जानेवारी २००४ मध्ये बसरा आणि बगदादचे रस्ते मोर्चांनी भरले. अखेर ३० जानेवारी २००५ ला निवडणूक झाली. लोकशाही आणायला आलो म्हणणाऱ्या महासत्तेकडे निवडणुकीची मागणी एका शिया धर्मगुरूला करावी लागली, ही घटना या विषयावरच्या प्रत्येक लेखात असायला हवी. सीस्तानी यांनी स्वतःसाठी कोणतेही पद मागितले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

पाकिस्तानच्या ठरावामागे ज्या विचाराचा दबाव होता, त्याचा प्रवर्तक मराठवाड्यात जन्मला. सय्यद अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ चा, निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादचा. १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. त्यांच्या कल्पनेतल्या राज्यात प्रत्येक श्रद्धावान मुसलमान ईश्वराचा प्रतिनिधी आहे, म्हणून राज्यकर्ता लोकांनी निवडायचा. पण जिथे ईश्वरी आदेश स्पष्ट आहे, तिथे संसदेने हात लावायचा नाही, आणि कळीची पदे मुसलमानांकडेच राहतील. याला ते ईश्वरी लोकशाही म्हणत. राजेशाहीपेक्षा हे पुढचे पाऊल होते, हे मान्य करायला हवे. मौदुदींना हुकूमशहा नको होता. १९६५ च्या निवडणुकीत अयुब खान यांच्याविरुद्ध त्यांच्या पक्षाने फातिमा जिना यांना पाठिंबा दिला, म्हणजे एका स्त्रीला राष्ट्रप्रमुखपदासाठी मत द्या, असे सांगितले. मैदानात उतरले की सिद्धान्त वाकतो, याचा हा पुरावा आहे.

पण या विचाराची खरी परीक्षा १९५३ च्या अहमदिया पंथाविरोधी दंगलीनंतर झाली. न्यायमूर्ती मुनीर यांच्या चौकशी आयोगाने उलेमांना मुसलमानाची व्याख्या विचारली. १९५४ च्या अहवालात नोंद आहे की, कोणत्याही दोघांचे उत्तर जुळले नाही. इस्लामी राज्याला नागरिक नेमके कोण हेच ठरवता येत नव्हते. आयोगाने मौदुदींना आणखी एक प्रश्न विचारला: भारतात हिंदूंनी मनूच्या आधारे राज्य करून मुसलमानांना शूद्र आणि म्लेंच्छांची वागणूक दिली तर चालेल का? आपली हरकत नाही, असे त्यांचे उत्तर होते. मला त्यात तर्काचा प्रामाणिकपणा दिसतो आणि त्या तर्काची क्रूरताही दिसते. स्वतःच्या राज्यात धर्मावर नागरिकत्व ठरवायचे म्हटल्यावर भारतातल्या कोट्यवधी मुसलमानांचा हक्क त्यांना सोडून द्यावा लागला.

आणि १९७४ मध्ये पाकिस्तानच्या निवडून आलेल्या संसदेने दुसऱ्या घटनादुरुस्तीने अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. हे काम कुठल्या मौलवीने केले नाही, मतदानाने झाले. लोकप्रतिनिधींनी बहुमताने एखाद्याचा धर्म ठरवला, तर ते लोकशाहीत बसते का? इक्बालांनी विधिमंडळाला दिलेला अधिकार तिथे पोचला होता, फक्त समान नागरिकत्वाचा पाया त्याच्याखाली नव्हता.

आता पश्चिमेकडे पाहू, कारण तिथली गोष्टही नेहमी कापून सांगितली जाते. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी चुकीच्या मतांची जी यादी काढली, तिच्यात धर्मस्वातंत्र्य आणि उदारमतवाद होता. कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य अधिकृतपणे स्वीकारले ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. मधल्या शंभर वर्षांत ‘कॅथलिक धर्म आणि लोकशाही यांचे जमेल का?’ हा प्रश्न युरोप-अमेरिकेत गंभीरपणे चर्चिला जात होता. ज्या सहिष्णुतेचे श्रेय जॉन लॉक यांना देतात, ती १६८९ मध्ये कॅथलिकांना आणि नास्तिकांना लागू नव्हती. तुर्कस्तानात स्त्रियांना संसदेसाठी मत मिळाले १९३४ मध्ये, फ्रान्समध्ये १९४४ मध्ये, स्वित्झर्लंडच्या संघराज्यात १९७१ मध्ये. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार खऱ्या अर्थाने १९६५ च्या कायद्यानंतर सुरू होतो.

धर्म आणि राज्य यांच्या फारकतीचे एकच पाश्चात्त्य रूपही नाही. फ्रान्सने १९०५ मध्ये कडक भिंत बांधली. ब्रिटनमध्ये राजा चर्चचा प्रमुख आहे आणि वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात. राज्यशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टेपन यांनी यातून काढलेला निष्कर्ष मला पटतो. लोकशाहीला भिंत लागत नाही, दोन बाजूंचा संयम लागतो. धर्मसंस्थांनी निवडून आलेल्या सरकारवर नकाराधिकार मागू नये आणि सरकारने श्रद्धाळूंच्या उपासनेवर, संघटनेवर आणि राजकीय सहभागावर गदा आणू नये. बहुमतालाही मर्यादा असते, हे पश्चिमेलाही मान्य आहे. हिटलरच्या अनुभवानंतर जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात मानवी प्रतिष्ठेचे तत्त्व कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाही, असे लिहिले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात घटनेची मूळ चौकट तशीच वाचवली. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की ही मर्यादा प्रत्येक नागरिकाच्या बाजूने उभी राहते, त्याचा धर्म न विचारता.

संयमाची दुसरी बाजू मुस्लिम देशांतल्या धर्मनिरपेक्ष सत्तांनी वारंवार मोडली. अल्जीरियात डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडीने निकाल लागलेल्या २३१ पैकी १८८ जागा जिंकल्या. त्या आघाडीतले काही नेते लोकशाहीला उघड नास्तिकपणा म्हणत होते, त्यामुळे भीती निराधार नव्हती. पण जानेवारीत लष्कराने निवडणूकच रद्द केली आणि त्यानंतरच्या यादवीत लाखावर माणसे मेली. तुर्कस्तानात १९९९ मध्ये निवडून आलेल्या खासदार मर्वे कावाकची यांना डोक्यावर रुमाल आहे म्हणून शपथ घेऊ दिली नाही. इजिप्तमध्ये २०१२ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी वर्षभरात लष्कराने हटवले. मोर्सींचा कारभार एकारलेला होता, पण त्यावरचा उपाय पुढची निवडणूक हा होता. इराणमध्ये तर १९५३ मध्ये पंतप्रधान मोसाद्देघ यांचे निवडून आलेले, धर्मनिरपेक्ष सरकार ब्रिटन आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून पाडले. पाश्चात्त्य लोकशाहीचे धडे तिथे का रुजले नाहीत, हे विचारताना ही तारीख विसरता येत नाही.

ट्युनिशियाबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते. रशीद घन्नूशी वीसहून अधिक वर्षे परागंदा होते. २०११ च्या क्रांतीनंतर ते परतले आणि त्यांचा एन्नहदा पक्ष सर्वांत मोठा ठरला. सर्वाधिक जागा हाती असताना त्यांनी घटनेत शरियतेचा उल्लेख न करण्याचे २०१२ मध्ये मान्य केले. २६ जानेवारी २०१४ ला घटना २१६ पैकी २०० मतांनी मंजूर झाली. तिच्या सहाव्या कलमाने श्रद्धेचे आणि विवेकाचे स्वातंत्र्य दिले, कुणाला काफिर ठरवण्याच्या मोहिमेवर बंदी घातली. पक्षाने सत्ता सोडली, २०१६ मध्ये राजकारण आणि धर्मप्रचार वेगळे केले. मावर्दींपासून न सुटलेला पेच एका इस्लामी पक्षाने वाटाघाटीने सोडवला होता. २५ जुलै २०२१ रोजी ती संसद गोठवली गेली. ती गोठवणारे अध्यक्ष कैस सईद कुणी मौलवी नव्हते, ते घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक होते. ऐंशी ओलांडलेले घन्नूशी २०२३ पासून तुरुंगात आहेत.

इंडोनेशिया टिकला. १८ ऑगस्ट १९४५ रोजी, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, मुसलमानांनी शरियत पाळण्याचे बंधन घालणारे सात शब्द घटनेच्या मसुद्यातून वगळले गेले, कारण पूर्वेकडच्या ख्रिस्ती बेटांनी हरकत घेतली होती. ते शब्द परत आणण्याचा प्रयत्न २००२ पर्यंत झाला आणि तो हाणून पाडण्यात नहदतुल उलेमा आणि मुहम्मदिया या दोन अवाढव्य धार्मिक संघटनांचे नेते होते. त्यांच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत, लक्षावधी सभासद आहेत. समाजात एवढे वजन असल्यावर त्यांना पालक मंडळाची गरज भासली नाही. डागही आहेत. २०१७ मध्ये जकार्ताचे ख्रिस्ती गव्हर्नर अहोक यांना धर्मनिंदेखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. पण २०१९ मध्ये नहदतुल उलेमाच्या पंडितांनी ठरवले की, बिगरमुस्लिमांना काफिर न म्हणता सहनागरिक म्हणावे. हा निर्णय शास्त्राच्या भाषेत, शास्त्र्यांनी घेतला, म्हणून त्याचे मोल जास्त.

कारण शेवटी गाडी इथेच अडते. निवडणूक, पक्ष, संसद हे सगळे बहुतेक इस्लामी विचारवंतांनी केव्हाच स्वीकारले आहे. न सुटलेले तीन प्रश्न आहेत: धर्म सोडणाऱ्याचे काय, बिगरमुस्लिम सर्वोच्च पदावर बसू शकतो का, आणि घरात स्त्रीचा हक्क पुरुषाइतका आहे का. ट्युनिशियाच्या २०१४ च्या उदार घटनेतही अध्यक्ष मुसलमानच असावा, अशी अट होती. या प्रश्नांवर सांस्कृतिक वेगळेपणाची ढाल मला मान्य नाही. भारतातल्या परंपरेतूनच त्यांना उत्तरे मिळाली आहेत. देवबंदच्या हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये, मौदुदींच्या अगदी उलट, धर्म वेगळे असले तरी राष्ट्र एक असू शकते, असे धर्माच्याच आधारे मांडले. त्यांनी घरातल्या कायद्याला मात्र हात लावला नाही. तो प्रश्न हमीद दलवाईंनी हातात घेतला. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला. मागणी होती तोंडी तलाक बंद करण्याची. आयोगापुढे नाही, उलेमांपुढे नाही, लोकप्रतिनिधींपुढे ती मांडली गेली.

त्या मोर्च्यानंतर एक्कावन्न वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाने शायराबानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. खंडपीठावर शीख, ख्रिस्ती, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे पाच न्यायाधीश होते. कुराणात जे वाईट ते शरियतेत चांगले असू शकत नाही, या अर्थाचे मत नोंदवले ते कुरियन जोसेफ या ख्रिस्ती न्यायाधीशांनी. २०१९ मध्ये संसदेने असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. ती शिक्षा योग्य की अतिरेकी, यावर वाद आजही चालू आहे. तो वर्तमानपत्रांत, न्यायालयांत आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांत उघडपणे होतो.